डोळ्यांचा कायदा, हाताची वस्तू

दिल्लीतल्या नेहरू प्लेस या संगणक-बाजाराच्या चौकात माऊस घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी किंमत विचारते, वायरचा की बिनवायरचा ते बघते आणि मग काही न बोलता त्यावर पंजा ठेवते. अंगठा कुठे टेकतो, करंगळी टेबलावर फरफटते का, चाक बोटाखाली अडकत तर नाही ना, हे कळायला त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. भारताचा डिझाइन कायदा, 2000 मात्र या परीक्षेत हाताला बसूच देत नाही. त्याच्या व्याख्येप्रमाणे डिझाइन म्हणजे वस्तूला औद्योगिक प्रक्रियेने दिलेला आकार, ठेवण, नक्षी, अलंकरण किंवा रेषा-रंगांची मांडणी. आणि तयार मालात हे सारे डोळ्यांना भावले पाहिजे व त्याची पारख केवळ डोळ्यांनी झाली पाहिजे. बांधणीचे तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक साधन यांना ही व्याख्या स्पष्टपणे वगळते. साडीचा काठ, काचेचा तक्ता, अत्तराची बाटली यांना ही कसोटी शोभते. कीबोर्ड आणि माऊस या वस्तू तर दिवसातले आठ-दहा तास हाताखाली असतात आणि त्या वेळी डोळे पडद्यावर असतात. अशा वस्तूची पारख फक्त नजरेने करायची हा हट्ट पहिल्या वाचनात चमत्कारिक वाटतो. हे पुस्तक संगणकाला माहिती पुरवणाऱ्या साधनांच्या बाह्यरूपाविषयी आणि त्या रूपावर मालकी सांगण्याच्या आपल्या रीतीविषयी आहे. वाचकाने पुढे जाण्याआधी या चमत्कारिक हट्टाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे असे की ही कसोटी वस्तूच्या स्वभावाविरुद्ध असूनही हिताची आहे, कारण तिच्यामुळे हाताने मिळवलेले शहाणपण कोणा एकाच्या खात्यावर जमा होत नाही.

नोंदणी प्रत्यक्षात कशाची होते, हे आधी पाहायला हवे. दिल्लीचा अर्जदार द्वारकेच्या सेक्टर 14 मधल्या बौद्धिक संपदा भवनात अर्ज देऊ शकतो, पण तो तपासला जातो कोलकात्यात. डिझाइनचे दफ्तर तिथे आहे. लोकार्नो वर्गीकरणात कीबोर्ड-माऊसची जागा 14-02, म्हणजे माहितीप्रक्रियेची यंत्रे आणि त्यांची जोडसाधने. 2021 च्या दुरुस्तीनंतर एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला अर्जाचे शुल्क हजार रुपये पडते, इतरांना चार हजार. वस्तू सोबत द्यावी लागत नाही, तिची चित्रे द्यावी लागतात: समोरून, मागून, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी आणि एक तिरकस. नावीन्य नेमके कशात आहे, याचे एक विधान असते. त्याखाली सहसा आणखी दोन-तीन वाक्ये येतात, आणि या विषयातली सगळ्यांत बोलकी वाक्ये तीच. यंत्रणेच्या हालचालीवर किंवा बांधणीच्या तत्त्वावर या नोंदणीने कोणताही हक्क सांगितलेला नाही. चित्रात दिसणाऱ्या शब्दांवर, अक्षरांवर, अंकांवर हक्क नाही. कीबोर्डच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, पाहा. कळ दाबल्यावर ती किती खोल जाते आणि कसा आवाज करते, हे गेले. कळांवरची अक्षरे गेली, अंक गेले, कंपनीचे नाव गेले. मागे उरते ते पुसलेल्या अक्षरांचे एक कवच: कडांची गोलाई, कळांच्या माथ्याचा उतार, चौकटीची जाडी, दोन रांगांमधला पट्टा. मालकी मिळते ती एवढ्या शिल्लकीवर, पहिली दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतली तर आणखी पाच. अमेरिकेत 1842 मध्ये दिलेले पहिलेच डिझाइन पेटंट जॉर्ज ब्रूस यांच्या छपाईच्या टाइपाला, म्हणजे अक्षरांनाच मिळाले होते, ही गंमत इथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

उरलेल्या शिल्लकीवर हक्क देण्याची ही कल्पना आकाशातून पडली नाही. ब्रिटनने 1842 मध्ये अलंकरणात्मक डिझाइनसाठी कायदा केला आणि दुसऱ्याच वर्षी उपयुक्ततेच्या डिझाइनसाठी वेगळा. त्या काळी ही दोन खाती वेगळी ठेवणे सोपे होते, कारण अलंकरण वस्तूवर खरोखरच वरून चढवले जाई. शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकलेखन यंत्र रेमिंग्टनच्या कारखान्याने 1874 मध्ये बाजारात आणले, तेव्हा त्याच्या काळ्या पत्र्यावर रंगीत फुले चितारलेली होती आणि काही यंत्रे चक्क शिवणयंत्राच्या पायांवर बसवलेली होती. कारखान्याचा शिवणयंत्रांचाच विभाग ते काम करत होता. फुले खरवडून काढली तरी यंत्र तेच काम करत राहिले असते. आपल्याकडे 1872 मध्ये नमुने आणि डिझाइनच्या संरक्षणाचा कायदा आला, तो कापडावरच्या छापांच्या त्याच जगातला. विसाव्या शतकात मात्र फुले आणि पत्रा वेगळे करता येईनासे झाले. डग्लस एन्गेलबर्ट यांच्या सांगण्यावरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये घडवलेला पहिला माऊस म्हणजे एक लाकडी ठोकळा होता. खाली काटकोनात दोन चाके, वर एक बटण. 1970 मध्ये त्याला पेटंट मिळाले ते पडद्यावरची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेबद्दल. त्या ठोकळ्याच्या रूपाविषयी कोणाला काही म्हणायचे नव्हते. 1980 च्या दशकात ॲपलच्या लिसा संगणकासाठी आणि मायक्रोसॉफ्टसाठी डिझाइनरांनी माऊस हाती घेतला आणि यंत्रणा सगळ्यांची सारखी होत गेली. मग एका कंपनीचा माऊस दुसरीपासून वेगळा ओळखू यायचा तो पाठीच्या उंचवट्यावरून आणि बटणांच्या फटीवरून. अलंकरण पत्र्यावरून उतरून आकारात मुरले. कायद्याची भाषा मात्र वरून चढवलेल्या फुलांच्या काळातच राहिली, आणि न्यायालयांना त्या भाषेतून या वस्तूचा निवाडा करावा लागला.

तो त्यांनी कसा केला, याचे मूळ इंग्लंडमधल्या दोन निकालांत आहे. आपली न्यायालयेही त्यांचा आधार घेत आली आहेत. 1959 मध्ये गरम पाण्याच्या रबरी पिशवीवरच्या तिरक्या कंगोऱ्यांचा वाद झाला. कंगोऱ्यांमुळे अंग भाजत नाही, हे उघडच उपयोगाचे. पण कंगोरे तिरकेच असायला हवेत असे नव्हते, उभ्या किंवा आडव्या कंगोऱ्यांनीही भागले असते. म्हणून त्यांच्या तिरकेपणाला संरक्षण मिळाले. पुढे हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर विजेच्या एका जोडतुकड्याचा वाद आला. तो तुकडा यंत्राच्या पोटात बसणार होता, घेणारा तो फक्त नीट बसतो की नाही एवढ्यावरून घेणार होता, आणि त्याचा प्रत्येक कोपरा कामाने ठरलेला होता. त्याला संरक्षण नाकारले गेले. या दोन निकालांच्या मधल्या पट्ट्यात माऊस येतो. त्याला तळहाताएवढे असावे लागते, बोटांपाशी बटणे असावी लागतात. एवढे कामाने ठरलेले. पण या चौकटीत पाठीची शेकडो वळणे संभवतात आणि त्यांपैकी एक निवडणे हे डिझाइनरचे काम. उभ्या माऊसचे उदाहरण घ्यावे. हस्तांदोलनाच्या स्थितीत हात ठेवला तर मनगटाचा पीळ कमी होतो, हे तत्त्व आहे. ते डिझाइनच्या नोंदवहीत कोणाच्या नावावर चढू शकत नाही. लॉजिटेकने 2018 मध्ये आपला एमएक्स व्हर्टिकल आणला त्याच्या कितीतरी आधीपासून इतर कंपन्या उभे माऊस विकत होत्या आणि आजही विकतात. त्या एका माऊसचे विशिष्ट वळण नोंदवता येते, उभेपण नाही. हाताला जे बरे वाटते ते सगळ्यांचे राहते आणि ते कोणत्या चेहऱ्याने समोर आले एवढेच एकाचे होते.

नजरेची कसोटी हाताच्या हिताची हमी देत नाही, हे मान्यच करायला हवे. 1998 मध्ये पहिल्या आयमॅकसोबत आलेला ॲपलचा वाटोळा माऊस दिसायला देखणा होता. तो पूर्ण गोल असल्यामुळे न बघता हात टाकला की तो सरळ धरला आहे की वाकडा, हे कळत नसे. दोन वर्षांत ॲपलने तो बदलला. 2015 च्या मॅजिक माऊसला चार्जिंगचे तोंड दिले पोटाखाली, म्हणजे तो चार्ज होताना उलटा पडून राहतो आणि वापरता येत नाही. वरून दिसणारी रेषा कुठेही तुटली नाही, हे खरे. डिझाइनची नोंदवही अशा चुकांना दंड करत नाही आणि चांगल्या पकडीला बक्षीसही देत नाही. पण ते तिचे काम नव्हेच. वस्तू हाताला चांगली आहे की नाही, हा निवाडा बाजार रोज करतो. नोंदवहीने एवढेच पाहायचे की एकाचा चेहरा दुसऱ्याने लावू नये.

मराठी वाचकाला हा मुद्दा माऊसपेक्षा कीबोर्डवर अधिक पटेल, कारण आपल्या लिपीचा इतिहास त्यात गुंतलेला आहे. कीबोर्डची खरी किंमत त्याच्या मांडणीत असते. कोणते अक्षर कोणत्या बोटाखाली. तीस हजारी किंवा पटियाला हाऊस या दिल्लीतल्या न्यायालयांच्या आवारात अर्ज-प्रतिज्ञापत्रे टंकणाऱ्याच्या कळांवरची अक्षरे झिजून गेली तरी त्याचे अडत नाही, कारण मांडणी बोटांत बसलेली असते. दिल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण केली आणि 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तिची रचना वर्णमालेवरून घेतलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या. क ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख. ग सोबत घ. त सोबत थ. मात्रा नुसत्या कळीवर आणि तिचा पूर्ण स्वर शिफ्टवर. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला सारखी असल्यामुळे मराठी टंकणाऱ्याचा हात बंगालीतही तीच जागा शोधतो. ही मांडणी कोणा कंपनीची मालमत्ता असती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. नेहरू प्लेसला काही रुपयांत मिळणारी देवनागरीची स्टिकरे, सरकारी कचेऱ्यांतले छापील कळांचे कीबोर्ड, विंडोज आणि लिनक्समधली भारतीय भाषांची सोय, या प्रत्येकासाठी परवाना लागला असता. टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या गोल्ड कीबोर्डचा जाडजूड ठोकळा भारतातल्या कचेऱ्यांत ओळखीचा आहे. त्याच्या चौकटीवर कंपनीने खुशाल हक्क सांगावा. जुलै 2010 मध्ये मंत्रिमंडळाने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह, जे मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी घडवले, ते कीबोर्डवर छापायला मात्र सगळ्यांना मोकळीक आहे, आणि असायलाच हवी.

मुंबईच्याच आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात, म्हणजे आयडीसीत, अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कीलेख नावाचा एक कीबोर्ड घडवला होता. 2004 च्या सुमारास त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इंग्रजी कीबोर्डची सवय नसलेल्या माणसाला शाळेत पाठ केलेली वर्णमाला जशीच्या तशी समोर दिसावी, क-च-ट-त-प च्या रांगा ओळीने लागाव्यात, हा त्यामागचा विचार. कीलेखचे रूप आणि कीलेखची मांडणी या दोन गोष्टी पाहणाऱ्याला एकजीव वाटतात. चौकट वेगळी दिसते ती मांडणी वेगळी आहे म्हणूनच. तरीही विचारासाठी त्या वेगळ्या कराव्या लागतात. त्या उपकरणाच्या कवचाची रेषा नोंदवता येईल. वर्णमालेच्या रांगा मात्र शतकानुशतके पाठशाळांत घोकल्या गेल्या आहेत. त्या कळांवर बसवल्याने कोणाच्या होत नाहीत. नजरेच्या कसोटीऐवजी हाताची कसोटी आपण स्वीकारली असती, वस्तू वापरायला सोपी जाते म्हणून तिला हक्क दिला असता, तर पहिला घाला याच रांगांवर पडला असता. कारण वापरातला सोपेपणा येतो तो तिथूनच.

यावर पहिला आक्षेप उद्योगाच्या बाजूने येतो आणि तो हलका नाही. नोएडा किंवा ओखल्यातल्या एखाद्या छोट्या कंपनीने वर्षभर माणसांचे पंजे मोजून, मातीचे नमुने करून एक उत्तम पकड शोधली. तिचे सारे श्रम पकडीत गेले आणि कायदा म्हणतो, पकडीला संरक्षण नाही, रेषेला आहे. प्रतिस्पर्धी रेषा थोडी बदलेल आणि पकड उचलून नेईल. मग श्रमाचे मोल काय? उत्तर असे की पकडीत खरोखर नवा शोध असेल तर त्याचे दार पेटंटचे आहे. तिथे वीस वर्षे मिळतात, पण तिथली परीक्षा कठीण आहे: नावीन्य सिद्ध करावे लागते, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचले नसते हे दाखवावे लागते, शोध उघड करून लिहावा लागतो. डिझाइनची नोंदणी स्वस्त आणि झटपट आहे, कारण तिच्यात रूपाच्या नावीन्यापलीकडे यातले काही विचारत नाहीत. हजार रुपयांच्या दाराने पेटंटचा माल आत येऊ लागला तर पेटंटच्या परीक्षेला अर्थ उरणार नाही. शिवाय रेषा थोडी बदलली की सुटका, हेही तितकेसे खरे नाही. कायद्याचे कलम 22 हुबेहूब नकलेइतकेच लबाडीच्या किंवा उघड अनुकरणालाही अडवते, आणि न्यायालय दोन वस्तू शेजारी ठेवून मिलिमीटर मोजत बसत नाही, एकूण ठसा पाहते. कायद्याचे दात बोथट आहेत ते दुसरीकडे: त्याच कलमात नकलेमागे पंचवीस हजार आणि एका डिझाइनपोटी जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये अशी रक्कम लिहिली आहे. मोठ्या आयातदाराला हा खर्च चहापाण्यात बसतो. नुकसानभरपाईचा आणि मनाई हुकमाचा दावा लावता येतो म्हणून कलमाला काही वजन आहे. अमेरिकेत डिझाइन पेटंटच्या भंगासाठी वस्तूचा सगळा नफा मागता येतो. ॲपल आणि सॅमसंगच्या वादात 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की वस्तू म्हणजे अख्खा फोनच असे नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. आपली रक्कम हास्यास्पद आणि त्यांची अवाढव्य. मला आपली वाढलेली बघायला आवडेल, पण त्यांच्याइतकी नको.

दुसरा आक्षेप मला जास्त सतावतो. हक्क जर फक्त दिखाव्यावर मिळणार असेल तर उत्पादक दिखावाच वाढवतील. गेमिंग माऊसकडे पाहा: तिरके कापलेले कोपरे, उगाचच्या खाचा, सात रंगांत धावणारे दिवे. यातले बरेच काही हाताला नको असते, काही तर बोचते. कायद्याने उपयोगी आकाराला बक्षीस दिले असते तर कदाचित हे कमी झाले असते. एवढे कबूल करूनही मला वाटते की या झगमगाटाचा दोष कायद्यावर फार येत नाही. हजारो माऊस आतून सारखे आहेत, तेच सेन्सर, तीच बटणे, आणि दुकानाच्या फळीवर वेगळे दिसण्याची निकड कोणत्याही कायद्याआधीची आहे. शोल्सच्या फुलांनाही डिझाइन कायद्याने भाग पाडले नव्हते.

दिल्लीतली खरी अडचण या दोन्ही आक्षेपांच्या पलीकडची आहे, आणि तिच्याविषयी बोलणारे थोडे. नेहरू प्लेसच्या एकाच दुकानात तीन वेगवेगळ्या नावांचे माऊस ठेवले तर त्यांतले दोन पुष्कळदा एकाच साच्यातून निघालेले असतात. चीनमधला कारखानदार तयार साचा दाखवतो, इथला व्यापारी रंग आणि खोका ठरवतो आणि आपले नाव छापून घेतो. यात बेकायदा काही नाही. बेकायदेशीरपणा सुरू होतो तो दुसऱ्याचे नाव छापले की. अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या बदनाम बाजारांच्या यादीत नेहरू प्लेस आले ते अशा नकली आणि चोरट्या मालापायी, आणि न्यायालयाचे लोकल कमिशनर दुकानांत शिरतात ते बहुधा ट्रेडमार्कच्या दाव्यात. साच्याच्या मालावर इथल्या व्यापाऱ्याने डिझाइनची नोंदणी घेतली तर काय होईल? ती मिळूही शकेल, कारण परीक्षकाला जगातला प्रत्येक कॅटलॉग पाहणे शक्य नाही. पण ती टिकणार नाही. नोंदणीच्या तारखेआधी भारतात किंवा इतर कुठल्याही देशात ते रूप प्रसिद्ध झालेले असेल तर कलम 19 खाली ती रद्द होते आणि दाव्यात बचाव म्हणूनही तीच बाजू मांडता येते. मग दावा उच्च न्यायालयाकडे जातो. क्रॉक्सच्या भोकाभोकांच्या चपलांचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात असेच कोसळले. 2018 मध्ये एकल न्यायाधीशांनी आणि 2019 मध्ये खंडपीठाने अंतरिम मनाई नाकारली, आणि त्यात कॅनडातल्या होली सोल्स या कंपनीच्या संकेतस्थळावर तशाच चपला आधी दिसल्याचा पुरावा महत्त्वाचा ठरला. जगभर माल विकणारी कंपनी जिथे तरली नाही तिथे साच्याचा माल घेणाऱ्याने नोंदणीच्या कागदाच्या भरवशावर शेजारच्या दुकानदाराला नोटीस पाठवू नये. नावीन्य वस्तूगणिक पाहिले जाते हे मात्र खरे: 2008 च्या भारत ग्लास ट्यूब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जर्मन रोलरवरची नक्षी काचेच्या तक्त्यावर नवी मानून नोंदणी राखली. तो निकाल मला उदार वाटतो, आणि माऊसच्या व्यापाऱ्याला त्यातून फारसा आधार मिळणार नाही. साच्यातला माऊस आधीही माऊसच असतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने या विषयात आणखी एक दार उघडले आहे आणि तिथे माझा युक्तिवाद थोडा अडचणीत येतो. 2013 च्या मायकोल्यूब निकालात पूर्णपीठाने बहुमताने म्हटले की नोंदलेल्या डिझाइनचा मालक पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याने स्वतःचा माल या मालकाचा भासवून विकल्याचा दावाही करू शकतो. 2018 मध्ये कार्ल्सबर्ग प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही दावे एकत्र चालवण्यास मुभा दिली, आणि 2025 मध्ये खंडपीठाने क्रॉक्सच्याच पासिंग ऑफच्या दाव्यांना पुन्हा वाट करून दिली. पासिंग ऑफला मुदत नाही. पंधरा वर्षांनी जे रूप सगळ्यांचे व्हायला हवे ते लोकांच्या ओळखीच्या आधारे पुढेही एकाचेच राहू शकते. कीबोर्ड-माऊसपुरते मला वाटते की हा धोका मर्यादित आहे. गिऱ्हाईक पाठीच्या वळणावरून कंपनी क्वचितच ओळखते. पण जिथे ओळखते, तिथे न्यायालयाने विचारायला हवे की ती ओळख रेषेची आहे की पकडीची, आणि पकडीची असेल तर दावा तिथेच थांबायला हवा.

आता काच. फोनवरच्या कीबोर्डला ना खोली ना उंचवटा. बोट जागा शोधते ते डोळ्यांनी. अनिरुद्ध जोशी यांच्याच आयडीसीतल्या गटाने केलेल्या स्वरचक्रमध्ये व्यंजन दाबून धरले की त्याभोवती मात्रांचे चक्र उमलते आणि बोट हव्या त्या पाकळीकडे सरकते. इथे नजरेची कसोटी पहिल्यांदाच वस्तूच्या स्वभावाला पूर्ण जुळते. पण नेमक्या इथेच आपले कार्यालय अडखळले. 2014 मध्ये ॲमेझॉनचा पडद्यावरच्या दृश्याचा अर्ज फेटाळला गेला: संगणक बंद केला की दिसत नाही, वेगळी विकली जाणारी वस्तू नाही. नंतर यूएसटी ग्लोबलचा टचस्क्रीनचा अर्जही नाकारला गेला. 2023 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तो नकार रद्द करून फेरविचाराला पाठवला. दरम्यान 2021 च्या नियमांनी लोकार्नो वर्गीकरण स्वीकारले, ज्यात पडद्यावरच्या दृश्यांना 14-04 हा स्वतंत्र वर्ग आहे, तरी कायद्यातली वस्तूची व्याख्या जुनीच राहिली. पडद्यावरचे रूप नोंदवू द्यावे, असे माझे मत आहे; बंद पडल्यावर दिसत नाही ही सबब दिव्यालाही लावता येईल. पण प्लास्टिकच्या कीबोर्डवर कवच आणि मांडणी निदान मनात वेगळी करता येतात, आणि काचेवर त्या एकाच रेषेत असतात: चक्राचे चित्र म्हणजेच मात्रांची मांडणी. नुसते चित्र नोंदवून घेतले तर त्यासोबत मांडणीही निघून जाईल आणि जी मोकळीक इन्स्क्रिप्टला मिळाली ती पुढच्या मांडणीला मिळणार नाही. म्हणून 14-04 खालच्या प्रत्येक कीबोर्डच्या अर्जावर, अक्षरांवरचा हक्क सोडल्याच्या नेहमीच्या वाक्याखाली, आणखी एक वाक्य परीक्षकाने सक्तीने लिहून घ्यावे: कळांच्या क्रमावर आणि त्या उघडण्याच्या रीतीवर या नोंदणीने कोणताही हक्क सांगितलेला नाही.